आमचा एक तक्रार-अर्ज

अर्ज लिहिण्याच्या कामी आमचा हात कोणी धरणार नाही, अशी आमच्या पेठेत आमची ख्याती आहे. साताऱ्यास महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात आमची पंचवीसांवर वर्षे गेली. त्या इंग्रजीचा शेजाऱ्यांस कधी उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही. पण नळास पाणी येत नाही, विजेचे बिल अवाच्या सवा आले, बँकेने जामीनदारास उगाच नोटीस धाडली, असे काही झाले की मंडळी आमच्या ओटीवर येतात. आम्ही चष्मा पुसतो, कोरा कागद पुढे ओढतो, आणि 'महोदय' या संबोधनाने आरंभ करून 'योग्य ती कठोर कारवाई व्हावी' या चरणावर समाप्ती करतो. असे अर्ज बहुधा फळास येतात. आणि अर्ज फळास आल्याचा आनंद अर्जदारापेक्षा अर्ज लिहिणारास अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे. अशाच एका फळास आलेल्या अर्जाची हकीकत आज सांगावयाची आहे.

२०१४ सालच्या पावसाळ्यात आमच्या मातोश्री सांगलीस धाकट्या बंधूंकडे असताना दम्याने आजारी पडल्या. सांगली आणि मिरज ही रुग्णालयांनी गजबजलेली जोडगावे. त्यांपैकी एका खासगी रुग्णालयात बंधूंनी त्यांस दाखल केले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिसऱ्या रात्री दोन-अडीचच्या सुमारास आई लघवीस जाण्यासाठी एकटीच उठली, आणि खाटेशेजारी पडून तिच्या मांडीचे हाड मोडले. घंटेचे बटण दोनदा दाबले, पण कोणी आले नाही, असे तिचे म्हणणे. आमचे बंधू त्या वेळी बाहेरच्या बाकावर गाढ झोपले होते; ही गोष्ट आम्ही अर्जात घातली नाही. पहाटेच्या एस.टी.ने कराडमार्गे आम्ही जे निघालो, ते मनातल्या मनात वाक्ये जुळवीतच तेथे पोहोचलो, आणि रुग्णालयाच्या दिवाणखान्यात बसून अकरा ओळींचा अर्ज लिहून काढला. 'अक्षम्य हेळसांड' हा शब्दप्रयोग त्यात होता. तो आम्हांस विशेष साधला आहे, असेही त्या वेळी वाटले.

चौथ्या दिवशी व्यवस्थापक स्वतः खोलीत आले. अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "सर, त्या सिस्टरला आम्ही कमी केलं. आता आपली काही तक्रार नाही ना?" आम्ही नाही म्हणालो. दुपारी आईने विचारले, "ती पोरगी दिसत नाही रे दोन दिवस? माझी वेणी घालून द्यायची." आम्ही सांगितले, सुट्टीवर असेल.

आपणां मध्यमवर्गीयांची परिचारिकेकडे पाहण्याची दृष्टी मोठी चमत्कारिक आहे. व्याख्यानात आपण तिला देवता करतो, आणि आजारीपणात मोलकरीण समजतो. वास्तविक आमच्या या दोन जिल्ह्यांनी तरी असे करू नये. १८९७ च्या प्लेगात पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच साथीने देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातील नायगावच्या. १९०९ साली पुण्यास सेवासदन काढून, ससून रुग्णालयात पांढरपेशा घरांतील स्त्रियांस परिचर्येचे शिक्षण मिळण्याची वाट ज्यांनी मोकळी केली, त्या रमाबाई रानडे देवराष्ट्र्याच्या. ते गाव पूर्वी साताऱ्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. मिरजेस डॉक्टर वॉनलेस या मिशनऱ्याने १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि त्याच्या छायेत या भागातील कित्येक मुली परिचारिका झाल्या. हे सर्व आम्ही सभा-संमेलनांतून मोठ्या अभिमानाने सांगत आलो. परंतु आमच्या वर्गातील एक हुशार विद्यार्थिनी, कोरेगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली, तेव्हा "अगं, इंग्रजीत एवढे गुण आणि हे कसले खूळ? बी.ए. कर," असा उपदेश करणारेही आम्हीच. सुदैवाने तिने तो ऐकला नाही.

ही मुलगी पुढे सरकारी नोकरीत अधिपरिचारिका झाली. साथीच्या दिवसांत, साताऱ्याच्या संग्रहालयाच्या नव्या इमारतीत जेव्हा जंबो कोविड रुग्णालय थाटावे लागले होते, तेव्हा ती दुसऱ्या एका जिल्ह्यात अशाच कक्षात राबत होती. आम्ही मार्च २०२० मध्ये गच्चीवर उभे राहून थाळी वाजविली होती, तेव्हा तिची आठवण झाली होती, हे नमूद करून ठेवतो. पण मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने बेमुदत संप पुकारला, तेव्हा चार भिंतींच्या टेकडीवर सकाळी फिरावयास येणाऱ्या आमच्या मंडळीत सर्वांत तीव्र निषेध आमचाच होता. शिक्षकाने संप केला तर धडा राहतो. परिचारिकेने केला तर माणूस जातो, हे आमचे वाक्य त्या आठवड्यात बरेच गाजले. संप कशासाठी आहे, हे मात्र आमच्यापैकी कोणी धड वाचले नव्हते. परिचारिकांची पदे खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटाने भरण्याच्या बेतास त्यांचा विरोध होता.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती विद्यार्थिनी घरी आली. बरोबर पन्नाशी उलटलेल्या एक बाई होत्या. त्या परिसेविका, आणि संघटनेच्या जिल्हा शाखेच्या चिटणीस. "काकू, चहा नको, आत्ताच झाला," असे सांगत दोघी टेकल्या, आणि मुलीने पिशवीतून कारणे दाखवा नोटीस काढली. रात्री दहाचे इंजेक्शन एका रोग्यास बारा वाजून दहा मिनिटांनी मिळाले, सबब त्याच्या मुलाने लेखी तक्रार केली होती. तक्रार चांगल्या मराठीत होती. तीत 'अक्षम्य' हा शब्द पाहिला, आणि आमचे बोट त्या ओळीवर क्षणभर थांबले.

"सर, उत्तर तुम्हीच लिहून द्या. मला सुचत नाही," ती म्हणाली.

आम्ही सरसावून बसलो. पाव तासात खर्डा तयार झाला. 'सदर प्रकार केवळ अनवधानाने घडला असून त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. यापुढे असे होणार नाही याची हमी देते.' वाक्ये गोळीबंद होती. चिटणीसबाईंनी कागद दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

"भाषा फार सुंदर आहे, सर. पण यात ती गुन्हा कबूल करते."

"मग काय लिहावयाचे?"

"आकडे लिहा. त्या रात्री वॉर्डात खाटा छत्तीस. रोगी अठ्ठावन्न, म्हणजे बावीस जमिनीवर. परिचारिका किती, तर ही एक. दुसरी होती, तिला नऊ वाजता अपघात विभागात नेलं. पावणेदहाला पंधरा नंबरचा रोगी अत्यवस्थ झाला; डॉक्टर आल्यावर त्याच्याजवळून ही बारापर्यंत हलू शकली नाही. तो वाचला, हेही लिहा. आणि संध्याकाळी ओव्हर घेताना हिनं अधिसेविकांना माणूस द्या म्हणून लेखी कळवलं होतं, त्या कागदाची नक्कल जोडा."

तो कागद तेथेच होता. त्यावर पोच होती. अशी पोच घेऊन ठेवावयास संघटनेनेच शिकविले, असे मुलगी म्हणाली. ड्यूटीवर येताच रोगी किती आणि आपण किती, हे वहीत टिपावयाचे. माणसे कमी असतील तर तोंडी न सांगता लिहून द्यावयाचे. आणि तोच आकडा चिटणीसबाईंना कळवावयाचा. बाईंनी पिशवीतून एक लांबट वही काढली. तीत वॉर्डावॉर्डांचे रात्रीचे आकडे महिन्यामागून महिने लिहिलेले होते. वाङ्मयीन गुण म्हणावा तर त्या वहीत एकही नव्हता. आम्ही ती बराच वेळ चाळीत बसलो.

त्या दुपारी आम्ही जे गणित शिकलो, ते वाचकांसही माहीत असावे. भारतीय परिचर्या परिषदेचे जुने मानक असे की, वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेल्या रुग्णालयातील साध्या कक्षात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. ऐकणारास वाटते, वा, तीनच रोगी, मग तक्रार कसली? पण दिवसाच्या पाळ्या तीन. तेव्हा हे तीन प्रत्येक पाळीत नऊ होतात. शिवाय साप्ताहिक सुट्टी, आजारपण, बाळंतपण यांसाठी शेकडा ३० परिचारिका वरकड धरावयाच्या असतात. छत्तीस खाटांच्या कक्षास या हिशेबाने बारा आणि वर चार मिळून सोळा पदे हवीत, म्हणजे कोणत्याही पाळीत चौघी दिसाव्यात. आता या सोळांतून रिक्त पदे वजा करा, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे धाडलेल्या वजा करा, प्रसूतीच्या रजेवरील वजा करा. आणि छत्तीस खाटांवर अठ्ठावन्न रोगी घाला. मग रात्री दोन वाजता घंटेचे बटण दाबल्यावर कोणी का येत नाही, याचा उलगडा होतो. इंग्रजीच्या प्राध्यापकास हे त्रैराशिक वयाच्या पन्नाशीनंतर कळावे, याची लाज वाटली, ती वाटली.

संघटना म्हणजे मोर्चा, घोषणा आणि पगारवाढ, एवढीच आमची समजूत होती. तिचे पुष्कळसे काम याहून फार साधे असते, असे त्या दोघींच्या बोलण्यातून दिसले. कोणी निलंबित झाली, तर त्या काळात सुरुवातीस तिला अर्ध्या पगाराएवढाच निर्वाह भत्ता मिळतो. मग घरभाड्यास कमी पडते ते वर्गणी काढून पुरवावयाचे. खातेनिहाय चौकशीत आरोप असलेल्या सरकारी नोकरास दुसऱ्या सरकारी नोकराचे साहाय्य घेता येते; तेव्हा नियम जाणणारी एखादी अनुभवी बाई रजा काढून तिच्याबरोबर परगावी जाते. रात्रपाळीच्या मुलींना कपडे बदलावयास कडी लागणारी खोली मिळावी म्हणून चिटणीसबाईंनी, त्यांच्याच शब्दांत, 'तीन साहेब बदलेपर्यंत' अर्ज केले. आमच्या पेठेतील नळाचे अर्ज आम्हांस फार थोर वाटत होते, त्यांचे तेज त्या वेळी बरेच उतरले.

"आणि जळीतकांडं होतात तेव्हा?" आम्ही विचारले, कारण त्या वेळी भंडारा आणि नगर ही दोन नावे सर्वांच्याच मनात ताजी होती. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला त्या वेळच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि अकरा रोगी मृत्युमुखी पडले. नगरास काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांस अटक झाली, आणि परिचारिका रस्त्यावर आल्या. बाई म्हणाल्या, "चौकशी करा, कोणी नको म्हणत नाही. पण वायरिंग कुणी बसवलं, आग विझवायची यंत्रणा कुणी तपासली नाही, हे विचारायच्या आधी वॉर्डात जी उभी असते तीच हाती लागते. ती पळून जात नाही ना, म्हणून."

पुढे २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले, त्यांत अर्भकेही होती, आणि एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतल्याचे चित्र साऱ्या देशाने पाहिले, तेव्हा आम्हांस बाईंचे हे वाक्य आठवले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, औषधे व माणसे यांचा हिशेब सरकारकडे मागितला. खराटा हाती देण्यापेक्षा हिशेब मागणे हे अधिक अवघड काम आहे; चित्र मात्र त्याचे निघत नाही.

विद्यार्थिनीने जाताना काही टिपणे वाचावयास ठेविली. त्यांत पेनसिल्व्हेनिया संस्थानातील १६८ रुग्णालयांच्या पाहणीचा सारांश होता. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा की, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांत, परिचारिकेवर एका रोग्याचा भार वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सुमारे शेकडा ७ ने वाढतो. तेथे मोजणी चार रोग्यांपासून आठांपर्यंत केली होती. अठ्ठावन्नांचे काय, हे त्या कोष्टकात नव्हते. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने अनेक वर्षे झगडून असा कायदा करून घेतला की, एका परिचारिकेकडे ठराविक संख्येहून अधिक रोगी देताच येऊ नयेत; २००४ पासून तो अमलात आहे, आणि साध्या शस्त्रक्रिया-कक्षात ती मर्यादा आता पाचांची आहे. इंग्लंडातील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही १९१६ ची संस्था. संप करणार नाही, हे तिचे ब्रीद १९९५ पर्यंत कायम होते. त्या संस्थेनेही डिसेंबर २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडात आणि डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंडात संप केला. वेतनाच्या जोडीने, कक्षात माणसे पुरेशी नाहीत, हीच त्यांची ओरड होती.

एवढे वाचूनही संपाविषयी आमचे मन पूर्णपणे निवले, असे म्हणवत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातील परिचारिका वेतनातील त्रुटी आणि कंत्राटी भरती यांवरून पुन्हा संपावर गेल्या. अशा वेळी ज्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तो बहुधा गरीबच असतो. श्रीमंताचा रोगी सरकारी कक्षात नसतो. हे आम्ही चिटणीसबाईंना फोनवर बोलून दाखविले. आणि जराशा खोचकपणे हेही विचारले की, रोग्याच्या सुरक्षिततेची एवढी कळकळ, तर निवेदनात पगाराची मागणी वर आणि माणसांची मागणी खाली का? बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पगाराची मागणी मान्य झाली की नाही, ते एक तारखेला कळतं. माणसांची मागणी दर वेळी 'तत्त्वतः मान्य' होते, सर." आम्हांस उत्तर सुचले नाही.

मुलीच्या नोटिशीचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. आकड्यांचे ते रूक्ष उत्तर, पोच असलेला कागद आणि वहीतील त्या महिन्याच्या नोंदी, असे सर्व सादर झाले. चौकशीला चिटणीसबाई बरोबर गेल्या. शिक्षा झाली नाही, प्रकरण मिटले. त्या कक्षात रात्री दुसरी परिचारिका काही दिवस मिळाली, आणि पुढे ती पुन्हा दुसरीकडे गेली. वहीत तेही लिहिले आहे.

खासगी रुग्णालयातील परिचारिकेमागे बहुतेक ठिकाणी अशी वही नसते आणि अशी बाईही नसते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारास या प्रश्नात लक्ष घालण्यास सांगितले. त्यानुसार नेमलेल्या समितीने, २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, आणि ५० खाटांहून लहान ठिकाणीही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, असे सुचविले. केरळात २०११ पासून खासगी परिचारिका मोठ्या संख्येने संघटित झाल्या. आमच्या सांगली-मिरजेकडे एखादीस 'उद्यापासून येऊ नका' म्हटले, की ती डबा आणि चपला उचलून जिना उतरते. २०१४ साली एक तशी उतरली, हे आम्हांस ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत कागद आवरताना त्या अर्जाची नक्कल सापडली. अर्जांच्या नकला जपून ठेवण्याची आमची पद्धत आहे. अकरा ओळी, एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेला नाही. त्या रात्री त्या मजल्यावर रोगी किती होते, हे आम्ही लिहिले नव्हते, कारण ते विचारलेच नव्हते. आई तर २०१८ साली गेली. ती असती तर तिला विचारले असते. बंधूंस काही आठवत नाही. शेवटी भाऊबीजेस सांगलीस गेलो असता आम्ही त्या रुग्णालयात जाऊन आलो. तिला काय सांगावयाचे, हे काही ठरविले नव्हते. कोठे आहे, एवढे तरी कळावे, असे वाटत होते. कचेरी आता काचेची झाली आहे. संगणकापुढे एक तरुण बसला होता. आम्ही साल सांगितले, मजला सांगितला.

"दहा-अकरा वर्षं झाली की. नाव सांगा, सर. नावाशिवाय कसं काढायचं?"

नाव आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही नक्कल त्याच्यापुढे केली. त्याने ती वरपासून खालपर्यंत नीट वाचली.

"यात नुसतं 'रात्रपाळीची परिचारिका' एवढंच हाय," तो म्हणाला, आणि कागद परत दिला. मागे रांगेत एक वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीची फाईल घेऊन उभे होते. त्यांस वाट देण्यासाठी आम्ही बाजूस झालो.